बस्त्याव मास्तरांचा उपास

फार्मसी कॉलेजात मी सगळी नोकरी औषधशास्त्र शिकवण्यात घालवली. विषं, उतारे, झोपेच्या गोळ्या, काहीही असो, माझी जीभ कात्रीसारखी चालायची. फक्त अल्कोहोलचा धडा आला की मी उरकायच्या घाईत असायचे. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, दारू वाईट म्हणता, मग सोडली की माणूस बरा होणार. सोपं आहे की!" मी म्हटलं, "बाळ, सोपं असतं तर मी इथे घसा कशाला कोरडा केला असता?" वर्ग हसला. मला मात्र बस्त्याव मास्तर आठवले आणि त्या तासाला पुढचं काही शिकवणं झालं नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नव्वद सालानंतर कधीतरी वसई पश्चिमेला फ्लॅट घेतला. आमची बिल्डिंग केळीची वाडी तोडून उभी राहिलेली, आणि उरलेली अर्धी वाडी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. तिच्यात एक विहीर, एक कौलारू घर आणि त्या घराच्या ओट्यावर बस्त्याव मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गावच्या ब्रास बँडचे मास्तर. ट्रंपेट वाजवायचे.

आमची ओळख भांडणाने झाली. मी पेपर तपासत होते आणि खाली एकच ओळ वाजत होती. तीच ओळ. पुन्हा तीच. डोकं फिरलं माझं! तशीच लाल पेन हातात घेऊन खाली उतरले आणि म्हटलं, "अहो, एकच ओळ किती वेळा वाजवाल? लोकांना कामं असतात."

बनियनवरचा तो बुटका, रुंद छातीचा माणूस ट्रंपेट मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्ही पोरांना नापास करता ना? मी मलाच करतो. पास झालो की थांबतो."

मी पेन घेऊन वर आले. संध्याकाळी त्यांची बायको कातरीनबाई केळ्यांची फणी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "टीचर, रागवू नका. ते वाजवतात तोवर त्यांचा हात दुसऱ्या कशाला लागत नाही." त्या वाक्याचा अर्थ मला पुढे कळला.

घरात ही माणसं त्यांची त्यांची बोली बोलायची, त्यातलं मला ओ की ठो कळायचं नाही. आमच्याशी मात्र मास्तर स्वच्छ मराठी बोलायचे, आणि चवीने. माणसं त्यांना चालींवरून आठवायची. अमक्याचं लग्न कधी झालं हे विचारलं तर साल सांगता यायचं नाही, पण मिरवणुकीत काय वाजवलं होतं ते ओठांनी वाजवून दाखवायचे. मुलगा पहिल्यांदा बँडमध्ये आला की त्याला आधी मयतीची चाल शिकवायचे. "लग्नात चुकलं तर लोक नाचून सांभाळून घेतात. मयतीत सगळे गप्प असतात, तिथे चूक ऐकू येते," असं त्यांचं म्हणणं.

आणि दारू. ती तर धंद्याबरोबरच आलेली. मांडवाच्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायला निघायचं तर यजमानाने आधी बँडवाल्यांचे ओठ ओले करायचे, ही रीतच. रीत मोडली तर यजमानाची अब्रू जायची. "फुंकणाऱ्याला ओल लागते बाई," असं मास्तर म्हणायचे. एका लग्नाची ओल दुसऱ्या लग्नापर्यंत टिकवायची, एवढंच त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. त्यांना कुणी कधी गटारात पडलेलं पाहिलं नाही. शिवी नाही, मारहाण नाही. दिवसभर थोडी थोडी गावठी, झालं. असल्या माणसाला कोण बेवडा म्हणेल?

मी म्हणायचे, कारण मी सकाळी खिडकीत असायचे. सकाळी मास्तरांचे हात थरथरायचे. एकदा मी पाहिलं, त्यांनी गळ्यात टॉवेल टाकला, त्याचं एक टोक पेल्यासकट उजव्या मुठीत धरलं आणि दुसरं टोक डाव्या हाताने खाली ओढत पेला ओठांपर्यंत चढवला. विहिरीतून कळशी काढावी तसा. तो घोट पोटात गेला, ते थोडा वेळ डोळे मिटून बसले, आणि मग त्याच हातांनी ट्रंपेटच्या कळा अशा फिरवल्या की कुठे म्हणून अडखळ नाही. पुस्तकात मी हे शंभरदा शिकवलं होतं. खिडकीतून बघताना माझी तव्यावरची चपाती करपली.

आता मास्तरांचा अभिमान सांगते, कारण सगळं त्यावरच आलं. ख्रिस्ती लोकांचे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे. राखेच्या बुधवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कपाळाला राख लावली की ते सुरू होतात. त्या दिवसांत लग्नं नाहीत, वाजंत्री नाही. कुणी मटण सोडतं, कुणी सिनेमा. मास्तर दारू सोडायचे. एका दिवसात, एका क्षणात. ट्रंपेट पेटीत, पेटी खुंटीला, आणि थेंब म्हणून तोंडात नाही. मयत झालं तरच पेटी खाली यायची. ईस्टरच्या मिस्सेनंतर, देवळातली प्रार्थना आटोपली की, पहिला पेला. वर्षभर कुणी काही बोललं तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "उपासात ये आणि मग विचार." अख्खा गाव त्यांचा दाखला द्यायचा. व्यसनी माणूस चाळीस दिवस राहील का, असं लोक मलाच विचारायचे, आणि वर हसायचे.

मी मात्र दरवर्षी ते पहिले चार दिवस बघत होते. पहिल्या वर्षी नुसता घाम आणि चिडचिड. पुढे झोप उडाली. मग एका वर्षी कातरीनबाई सांगत आल्या की मास्तर भिंतीवरच्या मुंग्या झटकतायत आणि भिंतीवर मुंगी एकही नाही. चार दिवसांनी सगळं निवळायचं, आणि घरचे म्हणायचे, बघा, विष बाहेर पडलं. अहो, विष बाहेर पडत नव्हतं! शेताच्या बांधावरून पाणी एकदा फुटलं की पुढच्या वेळी त्याच जागी लवकर फुटतं, तसं मेंदूचं होतं. असं अचानक सोडण्याचे झटके जितक्या वेळा बसतात तितका पुढचा झटका जोरात येतो. म्हणजे ज्याला गाव मास्तरांचं पुण्य म्हणत होतं, तेच दरवर्षी त्यांना पोखरत होतं. हे मी कुणाला सांगणार? उपास वाईट असं म्हणायची सोय नव्हती, आणि मला तसं म्हणायचंही नव्हतं.

मास्तरांना एकच मुलगी, स्मिता. मुंबईत ऑफिसात जायची, बापासारखी बुटकी आणि बापासारखीच हट्टी. तिच्या मैत्रिणीचं लग्न होतं आणि ती करवली होती. देवळातून मिरवणूक निघाली, मास्तर सकाळपासून ओले. गावात एक वळण आहे, तिथून सरळ गेलं की वस्ती आणि डावीकडे कबरस्तान. मयतीच्या वेळी त्या वळणावर बँड चाल बदलतो. मास्तरांचे पाय तिथे पोचले आणि भर लग्नात त्यांनी मयतीची चाल धरली. नवरीची आजी छातीवर क्रूसाची खूण करायला लागली. ढोलवाल्याने ढोल टाकून त्यांचा दंड धरला तेव्हा कुठे ते थांबले. लोक पुढे महिनाभर हा किस्सा सांगून हसत होते. स्मिता घरी येऊन विहिरीच्या काठावर बसून रडली, तेही मी खिडकीतूनच पाहिलं.

म्हणून तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने अट घातली. मी ओट्यावर चहा पीत होते. ती बापासमोर उभी राहून म्हणाली, "पप्पा, माझ्या लग्नात तुम्हीच वाजवायचं. पण पिऊन नाही. प्यायलात तर मी दुसरा बँड सांगणार."

मास्तरांचा चेहरा पडला. "दुसरा बँड? बस्त्यावच्या पोरीच्या लग्नात?" मग मांडीवरचा ट्रंपेट फडक्याने पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "जा, दिला शब्द. राखेच्या बुधवारपासून बंद. ईस्टरला पण नाही. तुझ्या लग्नात एक थेंब नाही, आणि नंतर कधीच नाही."

कातरीनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी चहा अर्धाच टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना गाठलं. म्हटलं, "मास्तर, सोडा, जरूर सोडा, पण एकदम नको. रस्सीखेच खेळलात ना? दारू एका बाजूने मेंदूला ओढते, मेंदू उभा राहावा म्हणून दुसऱ्या बाजूने तेवढ्याच ताकदीने ओढतो. वर्षानुवर्षं. आता एका बाजूने एकदम दोर सोडला तर समोरचा तोंडावर आपटणार. हळूहळू सोडा. माझ्याबरोबर मोठ्या डॉक्टरांकडे चला, गोळ्या देतील, आठवडाभर दाखल करतील."

ते पोट धरून हसले. "बाई, सगळं गाव मला म्हणतं पिऊ नको. तुम्ही पहिल्याच, म्हणता थोडी थोडी पी!"

मी हार मानणाऱ्यातली नाही. फादरांकडे गेले. भला माणूस, नीट ऐकून घेतलं आणि संध्याकाळी स्वतः ओट्यावर आले. म्हणाले, "बस्त्याव, आजारी माणसाला उपास माफ असतो." मास्तर म्हणाले, "आजारी माणसाला ना, फादर? मी आजारी कुठे आहे?" फादर पायात चपला सरकवून निघाले. झाला संवाद.

राखेचा बुधवार उजाडला. मास्तर कपाळाला राख लावून आले आणि पेटी खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी घामाने बनियन भिजलेलं, ओठ थरथरतायत, पोटात पेज ठरत नाही. मी कातरीनबाईंना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. नेत नसाल तर निदान त्यांना थोडी दारू द्या."

त्यांनी पेजेचं भांडं खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "टीचर, सगळा जन्म मी देवाकडे एकच गोष्ट मागितली. ती आता कुठे घरात आलीय. आणि तुम्ही सांगता बाटली आण?"

मी वर निघून आले. माझ्याकडे पुस्तकं होती, त्यांच्याकडे तो एवढा जन्म होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना विहिरीपाशी बँड ऐकू यायला लागला. "माणसं उभी आहेत, मी नाही तर निघणार कसे?" म्हणत ते उठायचे आणि पडायचे. मी कॉलेजला निघताना पुन्हा सांगून गेले, रिक्षा आणा, दवाखाना गाठा. शेजारपाजारचे म्हणाले, अशक्तपणा आहे, उपासाने पोटात काही नाही, सलाईन लावलं की उठून बसतील. आपल्याकडे सलाईनवर लोकांची केवढी श्रद्धा! ताप असो, दुःख असो, बाटली लटकली की घराला धीर येतो. दुपारी मी परत आले तर येशूच्या तसबिरीशेजारच्या खिळ्याला ग्लुकोजची बाटली टांगलेली. दुसरी. पहिली संपून खाली पडली होती.

गल्लीतले डॉक्टर तिथेच होते. मी विचारलं, "आधी बी-वन दिलंत का? थायमिन?" ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकवता, मी पेशंट बघतो." वाईट डॉक्टर नव्हते ते. अर्ध्या गावाला त्यांनी रात्रीबेरात्री उठून बरं केलं होतं. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते जीवनसत्त्व तळाला गेलेलं असतं, आणि ग्लुकोज पचवायला मेंदूला नेमकं तेच लागतं. आधी ते न देता नुसतं ग्लुकोज सोडलं तर उरलंसुरलं तेही खर्च होतं. मग मेंदूचा जो कोपरा नवीन गोष्टी लक्षात ठेवतो, तो कोमेजतो. परीक्षेला हा प्रश्न मी नेहमी काढायचे. मी बाटली बंद करायला हात पुढे केला तेवढ्यात मास्तरांना झटका आला. दात आवळले, डोळे फिरले, सुई निघून भिंतीवर रक्त उडालं. मग धावाधाव, गाडी, मुंबईचं मोठं हॉस्पिटल.

जीव वाचला. मोठ्या डॉक्टरांनी सगळं केलं, बी-वनही भरपूर दिलं, पण उशीर झाला होता. स्मिताने मला विचारलं, "टीचर, पप्पा पहिल्यासारखे होतील ना?" मी तिला मिठीत घेतलं, कारण उत्तर मला माहीत होतं.

मास्तर घरी आले ते पाय फाकवून, झोकांड्या खात. तोल सांभाळणारा भागही गेला होता. थेंब न पिता ते आता पूर्वी कधी दिसले नव्हते इतके प्यायलेले दिसायचे. जुनं सगळं शाबूत. मला ओळखलं, माझं लाल पेनही आठवलं. पण सकाळची पेज दुपारी आठवायची नाही. विचारलं तर बेधडक सांगायचे, "काल कळंबच्या किनाऱ्यावर वाजवून आलो, समुद्राच्या वाऱ्याने ओठ फाटले बघा." खोटं बोलत नव्हते बिचारे. मेंदूला भोक पडलं की तो सापडेल ते ठिगळ लावतो.

स्मिताला दिलेला शब्द मात्र जुन्यात जमा होता. तो पक्का आठवत होता.

ईस्टरनंतर लग्न झालं. नातेवाईक म्हणाले, बँड दुसरा सांगू. स्मिता म्हणाली, "पप्पा वाजवतील." लाल कोट चढवला, ट्रंपेट हातात दिला, आणि काय सांगू तुम्हाला! हातांना, ओठांना सगळं आठवत होतं. असं स्वच्छ वाजवलं त्यांनी की पेपर टाकून भांडायला आलेली मी रस्त्यात उभी राहून रडले. बोटांना कापरं नाही, श्वास कुठे तुटला नाही. ते वळण आलं. ढोलवाल्याने घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर झोकांडी खात सरळ गेले आणि लग्नाची चाल तशीच पुढे नेली. स्मिताने पुढून मागे वळून पाहिलं आणि नवरीने हसू नये इतकी ती हसली.

आणि माझ्या मागे दोन पाहुणे कुजबुजत होते, "निदान पोरीच्या लग्नात तरी प्यायला नको होती." मी गर्रकन वळले. "अहो, हा माणूस थेंबही प्यायलेला नाही! आजार आहे तो!" त्यातला एक मिश्कील हसून म्हणाला, "असेल, असेल, टीचर." त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. देऊन काय झालं असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ओट्यावर आले आणि कातरीनबाईंना म्हणाले, "स्मिताचं लग्न कधी? सराव करायला पाहिजे."

"झालं की काल," त्या म्हणाल्या. "तुम्हीच वाजवलंत. किती छान वाजवलंत!"

मास्तर कपाळ चोळत राहिले. आठवायला बघत होते, ते मला वरून दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "मग मला आठवत का नाही?" आणि स्वतःच उत्तर दिलं. "मी प्यालो होतो."

कारण आयुष्यात जेव्हा जेव्हा काही आठवलं नव्हतं, तेव्हा तेव्हा कारण एकच होतं. कातरीनबाईंनी शपथा घेतल्या, मी खाली धावले, फादर येऊन सांगून गेले. "तुम्ही सगळे मला सांभाळून घेताय," म्हणत ते लहान मुलासारखे रडले. जेवणापर्यंत विसरले, आणि संध्याकाळी पुन्हा विचारलं, लग्न कधी?

मग मला वाटलं, कॅसेट दाखवू. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग होतंच. कॅसेट आली, सगळे टीव्हीपुढे बसलो. पण व्हिडिओवाल्याने हौसेने सगळ्या मिरवणुकीवर सिनेमाची गाणी चढवली होती. मास्तरांचा ट्रंपेट एक क्षणही ऐकू येत नव्हता. दिसत होते ते फक्त लाल कोटातले, पाय फाकवून झोकांड्या खाणारे मास्तर. त्यांनी ते डोळे मोठे करून पाहिलं आणि मान खाली घातली. "बघा," म्हणाले, "मी सांगत नव्हतो?" स्मिताने उठून टीव्ही बंद केला. ती कॅसेट पुन्हा कुणी लावली नाही.

त्यानंतर घराने लग्न झाल्याचं सांगणं सोडलं. विचारलं की म्हणायचं, ईस्टरनंतर. मग ते समाधानाने सराव करायचे. तीच ओळ, पास होईपर्यंत. आणि पास झाल्याचं आठवायचं नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मी खिडकी उघडी ठेवून पेपर तपासायचे.

पुढे आम्ही वसई सोडून साताऱ्याला परतलो. सामान ट्रकमध्ये चढल्यावर मी निरोप घ्यायला खाली गेले. स्मिता माहेरी आली होती, कडेवर वर्षभराचा मुलगा. विहिरीपाशी मला बघून ती थांबली आणि ओट्याकडे जाण्याआधी तिने मुलाला माझ्याकडे दिलं. का ते मला कळलं, मी त्याला कडेवर घेतलं.

मास्तर पितळ पुसत बसले होते. मुलीला बघून चेहरा उजळला. "आलीस? ऑफिस सुटलं लवकर?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, हे गोड लेकरू कुणाचं?"

"शेजारचं आहे, पप्पा," स्मिता म्हणाली.

"असं होय," म्हणत त्यांनी त्या मुलाच्या गालाला बोट लावलं. मुलाने ते बोट घट्ट धरलं. मास्तरांनी ते सोडवून घेतलं नाही. तसंच मुलीकडे वळून त्यांनी विचारलं, "तुझं लग्न कधी गं?"

"ईस्टरनंतर, पप्पा."

"एक थेंब घेणार नाही बघ," मास्तर म्हणाले. "शब्द दिलाय तुला."

"ठाऊक आहे, पप्पा," ती म्हणाली आणि आईला हाक मारत आत गेली. मास्तरांचं बोट अजून नातवाच्याच मुठीत होतं.